उंदराच्या डोक्यावरचा आघात आणि आपल्या वेष्टनावरचा दावा



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पस्तिशीतील एक गृहस्थ माझ्या चिकित्सालयात आले. दुचाकीवरून पडून डोक्यास मार लागला होता, तीन आठवडे रुग्णालयात काढले होते आणि त्या मुक्कामात दोनदा आकडी आल्यामुळे लेव्हेटिरॅसिटाम हे आधुनिक औषध सुरू होते. तक्रारी आपल्या नेहमीच्या परिचयाच्या : विस्मरण, चिडचिड, झोप न येणे, सकाळी उठल्यावर शिरःशूल. मी घृत दिले, पादाभ्यंग सांगितले आणि जोडीला एका औषधनिर्मात्याची मेध्य द्रव्यांची कॅप्सूल लिहून दिली. त्या खोक्यात एक पत्रक होते. ते मी वाचले नव्हते, रुग्णाच्या भावाने वाचले. मेंदूला इजा झाल्यानंतर ही कॅप्सूल मेंदूच्या पेशींचे संरक्षण करते आणि हे प्रायोगिक अभ्यासांत सिद्ध झाले आहे, असे त्यात छापले होते. संरक्षण होतेच आहे, तर दुसरी गोळी कशाला, असा सरळ विचार करून त्यांनी आकडीची गोळी बंद केली. तीन आठवड्यांनी रुग्णास न्हाणीघरात आकडी आली आणि पडून अक्षकास्थी मोडले.

चूक त्या भावाची नव्हती. अर्धी पत्रकाची होती आणि अर्धी माझी. मी त्या औषधनिर्मात्यास पत्र लिहिले. महिन्याभराने त्यांचा प्रतिनिधी आला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, "डॉक्टरसाहेब, उंदरांवर झालेलं आहे." मी विचारले, उंदराच्या डोक्याला मार कसा दिला होता? औषध केव्हा दिले, आघाताच्या आधी की नंतर? मात्रा किती? त्याला उत्तर देता आले नाही. प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या वेळी या प्रश्नांची उत्तरे मलाही ठाऊक नव्हती. रागाच्या भरात विचारले गेले होते. नंतर मात्र मी हा विषय नेटाने वाचला. त्या वाचनातून जे मत बनले ते आपल्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम हे पाहू की प्रयोगशाळेत शिरोभिघात घडवतात तरी कसा. बऱ्याच वैद्यांची कल्पना अशी असते की उंदराच्या डोक्यावर काहीतरी मारतात आणि मग औषध देतात. प्रत्यक्षात या 'काहीतरी'मध्येच सारा प्रश्न आहे. १९९४ साली मार्मारू व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत भूल दिलेल्या पांढऱ्या उंदराच्या कवटीवर धातूची एक लहान चकती चिकटवतात, त्यास मऊ फोमच्या गादीवर निजवतात आणि दोन मीटर उंचीच्या नळीतून ४५० ग्रॅम वजनाचा पितळी ठोकळा त्या चकतीवर सोडतात. चकतीमुळे कवटी फुटत नाही, गादीमुळे डोके खाली दबते, आणि मेंदूत सर्वत्र मज्जातंतूंचे लांब धागे ताणले जातात. ठोकळा उसळून दुसऱ्यांदा डोक्यावर पडू नये म्हणून उंदीर चटकन बाजूला सरकवावा लागतो. आघाताबरोबर पुष्कळ उंदरांचा श्वास थांबतो; त्यांना कृत्रिम श्वास दिला नाही तर ते दगावतात.

दुसरी पद्धत द्रवाघाताची. कवटीला गोल छिद्र पाडून ड्युरा हे कठीण आवरण शाबूत ठेवतात आणि त्या छिद्राशी क्षारजलाने भरलेली नळी जोडतात. नळीच्या दुसऱ्या टोकाच्या दट्ट्यावर लंबक आदळला की क्षणार्धाची दाबलहर मेंदूवर येते. तिसरी पद्धत नियंत्रित आघाताची. १९८८ मध्ये ती फेरेट या प्राण्यावर वर्णिली गेली आणि १९९१ मध्ये उंदरावर बसवण्यात आली. यात हवेच्या दाबाने चालणारा दट्ट्या उघड्या केलेल्या मेंदूवर ठरावीक वेगाने, ठरावीक खोलीपर्यंत, साधारण एक ते तीन मिलिमीटर, दाबला जातो. मोजमापाच्या दृष्टीने ही पद्धत फार नीटनेटकी आहे आणि म्हणूनच लोकप्रिय आहे. अमेरिकन सैन्याच्या वॉल्टर रीड संस्थेत तर बंदुकीच्या गोळीच्या जखमेची नक्कल करतात : मेंदूत सळई घालून तिच्या टोकाचा फुगा क्षणभर फुगवतात.

या नीटनेटकेपणात एक विरोधाभास आहे आणि तो मला या विषयातील सर्वांत बोलका वाटतो. १९४१ साली डेनी-ब्राउन आणि रसेल यांनी मांजरांवर लंबकाचे प्रयोग करून दाखवले की डोके हलण्यास मोकळे असेल तर आघाताने शुद्ध सहज हरपते. तेच डोके घट्ट धरून ठेवले तर तितकाच आघात तसा परिणाम करीत नाही. म्हणजे मेंदूची इजा ही केवळ ठोक्याची नसते, डोक्याला बसलेल्या हिसक्याची असते. दोन वर्षांनी होलबोर्न यांनी जिलेटीनचे मेंदू करून फिरत्या हिसक्याने होणारी ओढाताण दाखविली. आपल्या रस्त्यांवर दुचाकीवरून फेकल्या जाणाऱ्या माणसाचे डोके असेच फिरत, हिसकत आदळते. आणि नियंत्रित आघाताच्या पद्धतीत मात्र उंदराचे डोके चौकटीत पक्के आवळलेले असते.

मग उंदराच्या डोक्यालाच तसा हिसका का देत नाहीत? कारण आकार आड येतो. उंदराचा मेंदू दोन ग्रॅमचा, माणसाचा तेराशे-चौदाशे ग्रॅमचा. लहान मेंदूत तितकीच ओढाताण निर्माण करायची तर फिरण्याचे त्वरण वस्तुमानाच्या गुणोत्तराच्या दोन-तृतीयांश घाताने वाढवावे लागते. गणित केल्यास ते सुमारे ऐंशी पट भरते. शिवाय उंदराचा मेंदू गुळगुळीत, त्यावर आपल्यासारख्या वळ्या नाहीत आणि त्यात श्वेतद्रव्याचा वाटाही माणसाच्या मानाने फारच थोडा. ज्या भागाची इजा रुग्णास महिनोन्‌महिने छळते तोच भाग नमुन्यात अत्यल्प आहे. म्हणून फिरत्या हिसक्याचे प्रयोग वळ्या असलेल्या मेंदूच्या डुकरांवर होतात. ते खर्चिक असल्यामुळे थोड्याच ठिकाणी होतात.

येथे मला सुश्रुताचार्यांचा योग्यासूत्रीय अध्याय आठवतो. शस्त्रकर्माचा अभ्यास शिष्याने कशावर करावा? छेदनासाठी कोहळा, भोपळा, काकडी. भेदनासाठी पाणी-चिखल भरलेली कातडी पखाल. लेखनासाठी केसाळ ताणलेले चामडे. वेधनासाठी मृत पशूंच्या सिरा आणि कमळाचे देठ. एषणासाठी किडीने पोखरलेले लाकूड. ही यादी आपण विद्यार्थिदशेत पाठ केली आणि विसरलो. परंतु तिच्यातील शिस्त पाहावी. प्रत्येक वस्तू एकाच कर्मासाठी निवडली आहे, कारण त्या कर्मापुरतेच तिचे शरीराशी साम्य आहे. भोपळ्यावर छेदन साधले म्हणून सिरावेध साधला, असे आचार्य म्हणत नाहीत. प्रयोगशाळेतील नमुनाही नेमका असाच असतो. नियंत्रित आघाताचा उंदीर हा मेंदूच्या एका ठिकाणच्या चेचलेल्या जखमेपुरता भोपळा आहे. मार्मारूंचा उंदीर पसरलेल्या तंतूइजेपुरती पखाल आहे. अडचण तेव्हा येते, जेव्हा 'मेंदूची इजा' या एका शब्दाखाली हे सारे एकत्र करून वेष्टनावर छापले जाते.

मर्मशारीरातही हाच विवेक दिसतो. डोक्याच्या मर्मांपैकी शंख, शृंगाटक व अधिपति सद्यःप्राणहर, सीमंत कालांतरप्राणहर, तर उत्क्षेप व स्थपनी विशल्यघ्न, म्हणजे शल्य आत आहे तोवर जीव आहे आणि ते उपटले की मृत्यू. शिरावरचा आघात म्हणजे एकच व्याधी नव्हे, स्थान व काल यांनुसार त्याचे फल वेगळे, हे आपल्या शास्त्रास मान्य आहे. चरकाचार्यांनी सिद्धिस्थानात शिरोभिघाताची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत मन्यास्तंभ, अर्दित, चक्षुर्विभ्रम, मोह, चेष्टानाश, मूकत्व, गद्गदत्व अशी भिन्न भिन्न रूपे आहेत. यांपैकी गद्गदत्व उंदरात कसे पाहणार?

उंदरात पाहतात ते असे : फिरत्या दांड्यावर तो किती वेळ टिकतो, अरुंद पट्टीवरून चालताना पाय किती वेळा घसरतो, आणि रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये वर्णन केलेल्या पाण्याच्या टाकीत, पाण्याखाली दडवलेला चौथरा त्यास किती सेकंदांत सापडतो. या कसोट्या निरुपयोगी नाहीत. मात्र टाकीत औषधाने ग्लानी आली तरी आकडा बदलतो आणि पोहण्याचा वेग वाढला तरीही बदलतो. 'चौथरा लवकर सापडला' या वाक्याचे पत्रकात पोहोचेपर्यंत 'स्मरणशक्ती वाढते' असे होते. माझ्या रुग्णाला चौथरा शोधायचा नव्हता. तो दुकानात नेहमीच्या गिऱ्हाइकाचे नाव विसरत होता आणि घरी आल्यावर बायकोवर ओरडत होता.

हे झाले आपले. आधुनिक वैद्यकाने या मार्गावर आपल्यापेक्षा कितीतरी अधिक पैसा व काळ खर्च केला आहे, त्याचा अनुभव काय? प्रोजेस्टेरॉनची कथा प्रत्येक औषधनिर्मात्याने वाचावी अशी आहे. डोनाल्ड स्टाइन यांच्या गटास १९९० च्या दशकाच्या आरंभी आढळले की विशिष्ट अवस्थेतील मादी उंदरांच्या मेंदूला इजेनंतर सूज कमी येते. त्यातून कल्पना निघाली, प्रयोगांमागून प्रयोग अनुकूल आले, एका लहान मानवी अभ्यासाने २००७ मध्ये आशा वाढवली. मग दोन मोठ्या चाचण्या झाल्या. एकीत ८८२ रुग्ण घेतल्यावर लाभाची शक्यता नाही असे पाहून ती मध्येच थांबवली गेली. दुसरी ११९५ रुग्णांवर पूर्ण झाली. दोन्ही २०१४ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाल्या आणि दोहोंत औषधाचा काहीही लाभ दिसला नाही.

त्याहून गंभीर गोष्ट स्टेरॉइडची. डोक्याच्या इजेत मेंदूची सूज कमी करण्यासाठी ती अनेक वर्षे दिली जात होती, तर्कही पटणारा होता. 'क्रॅश' या चाचणीत ४९ देशांतील १०,००८ रुग्ण घेतले गेले. २००४ साली जे हाती आले ते असे : मिथाइलप्रेडनिसोलोन घेतलेल्यांपैकी २१.१ टक्के रुग्ण दोन आठवड्यांत दगावले आणि न घेतलेल्यांपैकी १७.९ टक्के. औषध निरुपयोगी नव्हे, घातक ठरले. मॅग्नेशियम आणि सिटिकोलिन हीसुद्धा मोठ्या मानवी चाचण्यांत अयशस्वी ठरली. हे वाचून 'पाहा, ॲलोपॅथी हरली' असा आनंद आपल्यापैकी कोणास होत असेल तर त्यांनी क्षणभर थांबावे. त्यांनी हरण्याची संधी तरी घेतली. त्यांच्याजवळ हजारो रुग्णांचे उत्तर आहे. आपल्याजवळ त्याच परीक्षेची पहिली पायरी आहे आणि तिलाच आपण निकाल म्हणून छापतो.

असे का होते, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रयोगातील उंदीर बहुधा तरुण, निरोगी आणि नर. आपला रुग्ण साठीचा, मधुमेही, रक्त पातळ करणारी गोळी घेणारा असू शकतो. आयसोफ्लुरेनसारखे भुलीचे औषध स्वतःच मेंदूचे काही अंशी रक्षण करते, आणि उंदरास भूल आघाताच्या आधीच मिळालेली असते. रस्त्यावर पडणाऱ्यास ती कोण देणार? उंदरास औषध पुष्कळदा काही मिनिटांत किंवा तासाभरात मिळते. वरील दोन मानवी चाचण्यांत ते चार व आठ तासांच्या मर्यादेत सुरू करण्याची मुभा होती. वनस्पतिजन्य द्रव्यांच्या प्रयोगांत तर याहून पुढची गोष्ट आढळते : कित्येकदा औषध आघाताच्या काही दिवस आधीपासून दिलेले असते. रसायन म्हणून पूर्वसेवनाची कल्पना आपल्या शास्त्राशी विसंगत नाही, हे मला मान्य आहे. परंतु मग वेष्टनावर 'इजेनंतर' हा शब्द येऊ शकत नाही. अपघात होणार म्हणून आठवडाभर आधी मंडूकपर्णीचा स्वरस घेतलेला रुग्ण मी अजून पाहिला नाही.

अमेरिकन सैन्याच्या साहाय्याने चाललेल्या 'ऑपरेशन ब्रेन ट्रॉमा थेरपी' या उपक्रमाने २०१६ मध्ये पहिले मोठे निष्कर्ष दिले. त्यांनी एकच औषध तीन ठिकाणी, तीन वेगळ्या आघातपद्धतींवर तपासले. एका पद्धतीत उपयोगी दिसलेले औषध दुसरीत निष्प्रभ, असे वारंवार घडले. पहिल्या पाच औषधांत सर्वांत आशादायक ठरले ते लेव्हेटिरॅसिटाम. होय, माझ्या रुग्णाच्या भावाने कॅप्सूलच्या भरवशावर बंद केलेली तीच गोळी. तेही उंदरांतच, हे मी येथे मुद्दाम लिहितो. आपल्या सोयीचा असो वा नसो, मापदंड एकच हवा.

आता मात्रेविषयी, कारण हा भाग औषधनिर्मात्या बांधवांच्या थेट हातातला आहे. उंदरास दर किलो वजनामागे दिलेली मात्रा तशीच माणसास लावत नाहीत. शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने तिला ६ ने गुणून ३७ ने भागतात. समजा एखाद्या द्रव्याचा घनसत्त्व उंदरास दर किलोस २०० मिलिग्रॅम दिला. माणसासाठी ते दर किलोस सुमारे ३२ मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीस दिवसाला जवळजवळ दोन ग्रॅम घनसत्त्व. आपल्या कॅप्सूलमध्ये २५० मिलिग्रॅम असेल तर दिवसाला आठ कॅप्सूल झाल्या. वेष्टनावर लिहिलेले असते 'एक-एक, दोन वेळा'. आणि आत घनसत्त्वाऐवजी चूर्ण असेल तर अंतर आणखी वाढते. त्यात ब्राह्मी या नावाखाली बाजारात कोठे जलब्राह्मी, कोठे मंडूकपर्णी मिळते हा आपला जुनाच घोळ. प्रयोग एका वनस्पतीवर, कॅप्सूलमध्ये दुसरी, आणि मात्रा चौथाई; तरीही दावा अखंड!

काही ज्येष्ठ वैद्य म्हणतील, आम्हास आप्तवचन पुरेसे आहे, उंदरांचे प्रमाणपत्र हवे कशाला? या मताचा मी आदर करतो, पण मग उंदराचा आधार वेष्टनावरही घेऊ नये. मेध्य रसायन म्हणून चरकाचा आधार द्यावा, तो स्वतःच्या बळावर उभा राहतो. दुसरे म्हणतील, प्राणिप्रयोगांशिवाय आपल्याला कोणी विचारत नाही. तेही खरे आहे. माझे म्हणणे इतकेच की विचारायचेच तर आपला प्रश्न विचारावा. आघातानंतरच्या पहिल्या सहा तासांत आपण कोठे असतो? रुग्ण तेव्हा अतिदक्षता विभागात असतो आणि तेथेच असावा. तो आपल्याकडे येतो तो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, निद्रानाश, विस्मृती, क्रोध आणि थकवा घेऊन. तरीही आपल्या नावाने होणारे प्रयोग त्या पहिल्या तासांच्या शर्यतीतच धावतात, कारण ते लवकर संपतात व लवकर छापले जातात. इजेनंतर महिन्याने औषध सुरू करून पुढे दोन-तीन महिने उंदराची झोप व वर्तन पाहणारा प्रयोग कष्टाचा आहे, पण आपल्या कामाचा तोच. या उत्तरकाळात औषधास वाव आहे, याला आधुनिक वैद्यकातही आधार आहे : २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १८४ रुग्णांच्या चाचणीत इजेनंतर चार ते सोळा आठवड्यांनी सुरू केलेल्या अमॅन्टाडीनने औषध चालू असताना सुधारणेचा वेग वाढवला.

प्राण्यांच्या वेदनेचा प्रश्न मी शेवटी घेतो आहे, तो गौण आहे म्हणून नव्हे. १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील शिरोभिघात-प्रयोगशाळेतून बबून माकडांवरील प्रयोगांच्या चित्रफिती प्राणिमुक्तीवाद्यांनी पळवल्या. त्यांतील दृश्यांमुळे इतका गदारोळ झाला की १९८५ मध्ये त्या कामाचे सरकारी अनुदान रोखले गेले. याच प्रयोगशाळेतील संशोधनाने, केवळ फिरत्या हिसक्याने दीर्घ बेशुद्धी व तंतूंची व्यापक इजा होते, हे सिद्ध केले होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात लहान प्राण्यावर काम भागत असेल तर मोठा प्राणी टाळावा, पुरेशी भूल द्यावी, असे स्पष्ट सांगितले आहे आणि संस्थेच्या नैतिकता समितीच्या मंजुरीविना असा प्रयोग करता येत नाही. म्हणून त्या उंदरांपैकी प्रत्येकाचा हिशेब कोठेतरी लिहिलेला असतो. ज्या प्रयोगाचे उत्तर कोणत्याच रुग्णाच्या कामी येणार नाही, केवळ पत्रकातील एका ओळीसाठी जो होतो, त्यास त्या समितीने आणि आपणही संमती का द्यावी?

कायद्याची आणखी एक बाजू पुष्कळांच्या लक्षात नसते. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय अधिनियमाच्या परिशिष्टात मेंदूचे विकार आणि अपस्मार या दोहोंचा समावेश आहे. त्यांवरील उपचाराची जाहिरात निषिद्ध आहे. मात्र माझा आग्रह कायद्याच्या भीतीवर उभा नाही. प्राणिप्रयोगाचा उल्लेख करायचाच असेल, तर वैद्यांसाठीच्या माहितीपत्रकात प्राणी कोणता, आघात कोणत्या पद्धतीचा, औषध आघाताच्या आधी की नंतर व किती वेळाने, आणि मात्रा माणसाच्या हिशेबाने किती, एवढे लिहावे. रुग्णाच्या हाती पडणाऱ्या खोक्यात यातील काहीच नसावे. तेथे एकच वाक्य पुरे : चालू असलेली आकडीची औषधे वैद्याला विचारल्याशिवाय बंद करू नयेत.

हे वाक्य आता मी स्वतः प्रत्येक शिरोभिघाताच्या रुग्णाच्या चिठ्ठीवर लाल शाईने लिहितो आणि सोबत आलेल्या नातेवाइकाकडून मोठ्याने वाचून घेतो. खोके उघडून आतील पत्रकही काढून घेतो. माझ्या टेबलाच्या खणात त्यांचा एक गठ्ठा साठला आहे. त्या रुग्णाचा भाऊ अधूनमधून औषध नेण्यास येतो. मागच्या खेपेस त्याने खोके हातात घेऊन आत पाहिले आणि विचारले, "यातला कागद कुठे गेला?"